घरामागची दरड

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली, भाषणाची सवय नाही. तेव्हा आपल्या रोजच्या कामातलेच बोलते.

आपल्या महाड तालुक्यात कितीतरी घरे डोंगराला पाठ लावून उभी आहेत. पावसाळ्याआधी आपण परस झाडून लख्ख करतो आणि त्या भरात मागच्या दरडीवरचे गवत, निर्गुडी, कारवी सारे खरवडून काढतो. पाहुणी आली की म्हणते, "किती स्वच्छ हो!" पण बायांनो, ही स्वच्छता महागात पडायची.

खाली कातळ, वर हात-दोन हात माती. संततधार लागली की पाणी मातीत मुरते, माती जड आणि ढिली होते नि कातळावरून घसरते. मुळे तिला धरून ठेवतात. गोधडीचे थर जसे टाक्यांनी एकत्र राहतात, तसेच हे. शिवाय झाडे जमिनीतले पाणी ओढून घेतात, ते वेगळेच.

तोडलेल्या झाडाचे पुष्कळांना कळत नाही. झाड तोडले त्या वर्षी काही होत नाही, कारण मुळे जमिनीत असतात. ती कुजतात पुढच्या काही वर्षांत, आणि मग दरड खचते. तोवर कुऱ्हाड कोणी चालवली हेही कोणाला आठवत नाही.

मग लावावे काय? आपला वाळा. माठात घालतो तोच. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली दोन-तीन मीटरपर्यंत जातात. मृग लागला की ठोंब फोडून, पाने वीतभर ठेवून, उताराला आडव्या ओळीत अर्ध्या अर्ध्या वितीवर लावावेत. ओळी एकीखाली एक, मीटरभर अंतराने. मध्ये तुटलेली ओळ कामाची नाही. तिथूनच पाणी वाट काढते. पहिल्या वर्षी मेलेले ठोंब बदलावे लागतात. मुळांच्या लोभाने मात्र दरडीवरचा वाळा उपटू नये! माठासाठी वेगळा वाफा करावा.

उभ्या कडेवर आंबा-फणस नको. वाऱ्याने मोठे झाड हलते नि मातीच सैल करते. तिथे गवत, झुडपे बरी. मोठी झाडे सौम्य उतारावर. न्हाणीचे पाणी दरडीवर सोडू नये, वरून येणारे पाणी चर खणून बाजूला काढावे. आणि अंगण वाढवायला जेसीबीने दरडीचा पायथा कोरला, तर वर कितीही वाळा लावा, उपयोग नाही. हे घरच्या पुरुषांना सांगायला आपण कचरतो. पण घरात दिवसभर असतो कोण?

एक मात्र स्पष्ट सांगते. 2014 साली माळीणला, 22 जुलै 2021 रोजी आपल्याच तळियेला जे झाले, ते गवताने थांबणारे नव्हते. तिथे डोंगरच खाली आला. वाळा वरवरची माती धरतो, डोंगर नाही. म्हणून जमिनीला नवी भेग दिसली, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर भांडीकुंडी गोळा करीत बसू नका. मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन निघा, शेजारणीला हाक मारा.

माझ्या परसात वाळ्याची चार-पाच जुनी बेटे आहेत. पहिला पाऊस पडला की टोपली घेऊन या. पैसे नकोत, फक्त ओळ लावायला दोघी-तिघी मिळून या, एकटीने होत नाही.