घराआधी कागद



मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर ज्ञात आहे. या मंदिरातील पूजेच्या व व्यवस्थेच्या हक्कांसंबंधीच्या वादात लंडन येथील प्रिव्ही कौन्सिलने १९२९ साली निकाल दिला. त्यानंतरही वाद शमला नाही. १९८१ पासून बंद असलेले मंदिर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर खुले झाले. स्थावर वास्तूसंबंधीच्या हक्काचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या कसा चालतो, हे या गावास निराळे सांगावयास नको.

आज मंदिर खुले आहे आणि वाशिम जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्गही वाहता आहे. अशा वेळी जागेचे भाव चढतील, या अपेक्षेने नोकरदार व शेतकरी आपली शिल्लक एखाद्या भूखंडात किंवा घरात गुंतवू पाहतात. ही इच्छा गैर नव्हे. मात्र बहुधा ती आयुष्यभराची शिल्लक असते आणि व्यवहार आयुष्यातील पहिलाच असतो. यास्तव जागा पाहण्यापूर्वी कागद पाहण्याची सवय लावून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम एका सार्वत्रिक गैरसमजाचा विचार करू. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः ती कर आकारणीची नोंद होय. कर कोणाकडून घ्यावयाचा हे तिच्यावरून कळते. मालक कोण याचा निर्णय तिच्यावरून होत नाही. सात-बारा उतारा व फेरफार यांना अधिक वजन आहे. परंतु त्याही महसुली नोंदी आहेत आणि विरुद्ध पुरावा येईपर्यंतच त्या खऱ्या मानल्या जातात. मालकी हस्तांतरित होते ती नोंदणीकृत खरेदीखताने. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ अन्वये १०० रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करावी लागते. स्टँप पेपरवरील इसारपावती, नोटरीचा शिक्का किंवा मुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

मग नवख्या खरेदीदाराने काय पाहावे? सात-बाऱ्यावरील भोगवट्याचा वर्ग आधी पाहावा. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा वा सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क किंवा न्यायालयीन दाव्याची नोंद आहे काय, हे तपासावे. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची क्रमांक २ वरून मागील ३० वर्षांचे व्यवहार वकिलाकडून पाहून घ्यावेत. जागा वडिलोपार्जित असल्यास सर्व वारसांची संमती घ्यावी. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सबब केवळ भावांच्या सह्यांवर झालेला व्यवहार पुढे बहिणीच्या दाव्याने अडू शकतो. त्यात तिचा काही दोष नसतो. दोष न विचारणाऱ्याचा असतो. अज्ञान वारसाचा हिस्सा असेल तर न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्नही उद्भवतो.

गावाच्या कडेला शेताचे तुकडे पाडून, चुन्याच्या रेघा ओढून भूखंड विकले जातात. तेथे दुप्पट सावध असावे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता यांच्या तरतुदींत अलीकडे अनेक सवलती व दुरुस्त्या झाल्या आहेत. त्या आपल्या गटास लागू होतात काय, हे विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर न सोडता तहसील कार्यालयात लेखी अर्ज करून विचारावे. मंजूर रेखांकन, रस्त्याची मालकी आणि मोजणीचा नकाशा हाती आल्यावाचून बयाणा देऊ नये.

वाशिम, अकोला किंवा पुण्यासारख्या शहरात सदनिका घेऊ इच्छिणाऱ्यांना २०१७ पासून महारेराचे संरक्षण आहे. ५०० चौरस मीटरहून अधिक जमिनीवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना सामान्यतः नोंदणी आवश्यक असते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम व्यावसायिकास घेता येत नाही. हा एक नियम ध्यानात ठेवला तरी मोठे नुकसान टळेल.

आता हिशेबाकडे वळू. समजा, १२ लाख रुपयांचे घर दरमहा ४,००० रुपये भाड्याने दिले. वर्षाचे भाडे ४८,००० रुपये झाले. त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे ४,००० आणि घरपट्टी व डागडुजीचे ८,००० रुपये वजा केल्यास हाती ३६,००० उरतात. म्हणजे उत्पन्न ३ टक्के. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी व कर्जाचे व्याज यांत धरलेले नाही. टपाल कार्यालयातील मुदत ठेवीचा त्या दिवसाचा दर याच्या शेजारी लिहून पाहावा. भाव वाढतील या एकाच आशेवर ही तूट भरून निघावयाची असेल, तर ती आशा कशावर उभी आहे याचा विचार व्हावा. शिवाय अडीअडचणीला ठेव मोडता येते. घराची एक भिंत विकता येत नाही. आजारपण व मुलांचे शिक्षण यांची तरतूद बाजूस ठेवून जे उरेल, त्यातूनच स्थावर घ्यावे. राहण्यासाठी घेतलेल्या घराचा हिशेब निराळा आहे. त्याचे मोल निवाऱ्याने फिटते.

शासकीय सेवकांनी आणखी एक गोष्ट पाळावयाची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये स्थावर मालमत्ता घेण्यापूर्वी शासनास माहिती द्यावी लागते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनीही आपल्या कार्यालयात विचारणा करून मगच पुढे जावे.

शेवटी पंचायतीच्या कर्तव्यासंबंधी. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका देण्यात येतात. पिढ्यान्‌पिढ्या केवळ वहिवाटीवर चाललेल्या घरांना त्यामुळे अधिकृत अभिलेख मिळतो. चौकशीच्या वेळी घरमालक हजर राहतील, विधवा व परगावी असलेल्या वारसांची नावे सुटणार नाहीत आणि हरकती मुदतीत नोंदविल्या जातील, हे सदस्यांनी पाहावे. नमुना ८ वर नाव बदलताना केवळ साध्या कागदावरील संमतीवर विसंबू नये. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना सात-बारा वाचावयास शिकविले, तर पुढील पिढीचा पहिला व्यवहार डोळसपणे होईल.

ज्याने १५ दिवस कागद तपासण्यात घालविले, त्याचा एखादा भूखंड हातचा जाईलही; पण ज्याने तपासणीवाचून घेतला, त्याची पुढील १५ वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात जाऊ शकतात. या दोहोंपैकी कोणती हानी सोसण्याजोगी आहे, हे प्रत्येकाने बयाणा देण्यापूर्वी ठरवावे.