मूर मार्केट : नाव राहिले, बाजार गेला

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



"रेल्वेबद्दल काहीतरी बोला," असे कार्यकारिणीने मला सांगितले. रूळ, स्लीपर आणि खडी यांवर बोललो असतो तर जेवणाआधीच निम्मा सभामंडप रिकामा झाला असता. म्हणून ज्याचे नाव आपण चेन्नईकर मराठी माणसे येता-जाता घेतो, त्या मूर मार्केटविषयी बोलतो.

चेन्नई सेंट्रलला लागून जिथून गुम्मिडीपूंडी आणि अरक्कोणमच्या लोकल सुटतात, त्या स्थानकाला आम्ही रेल्वेवाले 'एमएमसी' म्हणतो. म्हणजे मूर मार्केट कॉम्प्लेक्स. बदली होऊन आलेला प्रत्येक नवा माणूस विचारतो, "मग मार्केट कुठे आहे?" मार्केट होते त्याच जागेवर हे स्थानक उभे आहे.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटला जसे पालिकेच्या साहेबाचे नाव मिळाले, तसेच इथेही झाले. सर जॉर्ज मूर हे मद्रास महापालिकेचे अध्यक्ष. त्यांच्या हस्ते १८९८ साली पायाभरणी झाली आणि १९०० साली बाजार खुला झाला. लाल रंगाची, इंडो-सारसेनिक धाटणीची देखणी इमारत. त्याआधी ब्रॉडवेवर पॉपहॅम मार्केट होते. ते गर्दीचे आणि अस्वच्छ झाले म्हणून हा नवा बाजार बांधला. म्हणजे याचा जन्मही एक जुना बाजार हलवूनच झाला होता.

इथे काय मिळत नव्हते? जुनी पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या, खेळणी, जुने फर्निचर, पिंजऱ्यातले पक्षी. आपल्या मंडळातील एक आजोबा सांगतात, संध्याकाळची गाडी असली की सामान क्लोकरूममध्ये टाकायचे आणि दोन तास मूर मार्केटात फिरायचे. कॉलेजची पुस्तके जूनमध्ये अर्ध्या किमतीत घ्यायची आणि परीक्षा संपली की त्याच दुकानदाराला परत विकायची. भाव सांगितला की निम्म्यापासून सुरुवात करायची. "आम्ही तमिळ शाळेत नाही, तिथे शिकलो," असे ते म्हणतात. आधी 'एव्वळवु' म्हणजे 'केवढ्याला', मग आकडे. 'जास्ती' हा शब्द तर तमिळमध्येही चालतो, त्यामुळे घासाघीस करायला फारशी अडचण आली नाही! नव्या गावात आलेल्या माणसाला असा बाजार पहिली ओळख करून देतो. तिथे कोणी तुमचे गाव विचारीत नाही, पण तिसऱ्या खेपेला दुकानदार तुम्हाला ओळखतो.

आता रेल्वेची बाजू. सेंट्रल हे टर्मिनस आहे. गाडी ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने तिला बाहेर जावे लागते. लांब पल्ल्याची गाडी फलाट बराच वेळ अडवते. लोकलला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असल्याने ती काही मिनिटांत परत फिरते. दोघींना एकाच दाराने आत घेतले की दोघी रखडतात. उपनगरी गाड्यांसाठी वेगळे स्थानक हवे होते आणि लगतची जागा या बाजाराची होती. ही मागणी खोटी नव्हती. आज लोकलसाठी तिथे वेगळे फलाट आहेत. अरक्कोणमहून कामाला येणाऱ्या माणसाला विचारा, त्यांची किंमत तो सांगेल.

व्यापाऱ्यांचा जागा सोडायला विरोध होता. तो वाद चालू असतानाच ३० मे १९८५ रोजी आग लागली आणि बाजार जळून गेला. त्याआधी दोनच वर्षे, १९८३ मध्ये, माउंट रोडवरचे स्पेन्सर्सही आगीत गेले होते. या शहराने आपली दोन आवडती खरेदीची ठिकाणे अशी लागोपाठ गमावली.

व्यापाऱ्यांना जवळच अल्लिकुळम संकुलात गाळे मिळाले. मूर मार्केटची एक छोटी प्रतिकृती करून स्थानकाच्या आवारात ठेवण्यात आली. कागदावर पाहिले तर जागेच्या बदल्यात जागा मिळाली आणि आठवणही राहिली.

मी डिप्लोमा झालेला साधा स्थापत्य अभियंता. आयुष्य एस्टिमेट करण्यात चालले आहे. त्यात पाडकामाचा दर असतो, राडारोडा वाहून नेण्याचा असतो, पर्यायी गाळ्याचा असतो. परंतु गाडीला दोन तास आहेत म्हणून सहज आत शिरणारे गिऱ्हाईक कोणत्या रकान्यात लिहायचे? कोणते पुस्तक कोणत्या ढिगाच्या तळाशी आहे हे न बघता सांगणाऱ्या दुकानदाराचे ज्ञान किती घनमीटर भरते? गाळा हलवता येतो, पण त्याच्यापुढची वाट हलवता येत नाही, आणि जुन्या पुस्तकांचा धंदा या वाटेवरच्या माणसांवरच चालतो.

स्थानक व्हायला नको होते असे मी म्हणत नाही. माझे पोट त्याच रुळांवर आहे. माझ्या सहकाऱ्यांना एवढीच विनंती आहे की, पुढच्या कामासाठी जागेची मोजणी कराल तेव्हा टपऱ्यांची संख्या लिहून थांबू नका. तिथे काय विकतात, गिऱ्हाईक कुठून आणि कोणत्या वेळी येते, हेही लिहा. त्याला एक दिवस जास्त लागेल. पण मग पर्यायी जागा निदान लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तरी मागता येईल.

आणि मंडळाला एक विनंती. ज्यांनी मूर मार्केट कळत्या वयात पाहिले ते आज साठीच्या आसपास किंवा त्यापुढचे आहेत. माझ्या वयाच्या माणसांकडे फक्त ऐकीव गोष्टी आहेत. आपल्या या ज्येष्ठांना भेटून कोणत्या दाराने आत जायचे, पुस्तकवाले कोणत्या बाजूला बसत, शेवटची खरेदी कोणती, हे लिहून घेऊ या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवा. नकाशा मी काढून देतो. तेवढे काम मला नक्की येते.