आपल्या गेटपर्यंत पाणी आलं तर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरींनी मला 'आपत्तीचा अंदाज' हा विषय दिला. लगेच एका नातवाने विचारलं, "आजोबा, नागपूरला त्सुनामी येणार आहे का?" नाही रे बाबा! पण 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर देशाने सूचना केंद्र उभारलं ते हैदराबादला, म्हणजे समुद्रापासून लांबच. लाट कुठे, किती वेळात पोचेल हे तिथून कळतं. ती जिथे पोचते तिथे कोण राहतं, हे मात्र गावानेच बघायचं असतं. आम्ही बँकेत कर्ज देताना हेच दोन प्रश्न वेगवेगळे विचारत होतो: बुडण्याची शक्यता किती, आणि बुडालं तर जाणार किती?

आता आपल्या नागपुरात या. 23 सप्टेंबर 2023, शनिवारची पहाट. चारेक तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. आकडा लहान वाटतो, एक वीतही भरत नाही. पण हिशेब करा. एका एकरावर शंभर मिलिमीटर म्हणजे चार लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडला. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोकांना जाग आली तेव्हा घरात पाणी होतं. लष्कराला बोलवावं लागलं. मृतांमध्ये अंथरुणाला खिळलेली एक महिला होती. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला, पण वरच्या मजल्यावरच्यांची फार तर गाडी गेली, तळमजल्यावरच्यांचा संसार गेला.

पाऊस किती पडेल ते हवामान खातं सांगेल. आपले मीटर जमिनीपासून किती फुटांवर आहेत, हे खातं सांगणार नाही. टेप घेऊन मोजा, दहा मिनिटांचं काम आहे. पाण्याची मोटर खालीच आहे. रात्री दोन वाजता मेन स्विच कोण बंद करणार? आणि आपला चौकीदार पार्किंगमध्ये झोपतो, त्याचा विचार कोणी केला काय?

रंगरंगोटीच्या खर्चावर आपण तीन मीटिंगा घेतल्या, यावर एकही नाही. (हशा) हसू नका, खरं आहे.

तळमजल्यावर आपली चार घरं. त्यांपैकी दोन घरांत ऐंशीच्या वरची माणसं एकटी राहतात. त्यांना वर कोणाच्या घरी न्यायचं, उचलायला कोणी जायचं आणि त्यांची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवायची, एवढं आज जेवणाच्या आधी ठरवू या. पहिल्या मजल्यावरची आमची खोली रिकामीच असते, ती लिहून घ्या.