खोडलेला परिच्छेद



इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. छापील पुस्तकापेक्षा हाताने लिहिलेला कच्चा मसुदा मला नेहमीच जास्त बोलका वाटत आला. आज अशाच एका मसुद्याबद्दल सांगतो.

जून १७७६. फिलाडेल्फियातल्या भाड्याच्या खोलीत तेहतीस वर्षांचा थॉमस जेफरसन अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहीत होता. सगळी माणसं जन्मतः समान, हे त्यातलं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्याच मसुद्यात पुढे त्याने गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोषी धरणारा मोठा परिच्छेद लिहिला होता. ज्यांची खरेदी-विक्री होते ती ‘माणसं’ आहेत, हे लिहिताना तो शब्द त्याने ठळक, मोठ्या अक्षरांत काढला. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, तो अख्खा परिच्छेद खोडला. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया या वसाहतींना तो नको होता, असं जेफरसनने पुढे लिहून ठेवलंय. आणि ऐका, या जेफरसनच्याच मालकीचे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते. हे कळलं त्या वर्षी समानतेचं ते वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळला होता.

चौऱ्याऐंशी वर्षांनी, डिसेंबर १८६० मध्ये, दक्षिण कॅरोलिना संघराज्यातून फुटली. का फुटलो, याचं निवेदन तिने काढलं आणि त्यात १७७६च्या जाहीरनाम्याचेच दाखले दिले. सरकार झुगारण्याचा हक्क उचलला, समानतेचं वाक्य मात्र गाळलं! भांडण गुलामगिरीवरून आहे, हे त्या निवेदनात उघड लिहिलंय. पुढे यादवी युद्ध झालं, १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

पण समानता आली नाही. म्हणून २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी तेच गाळलेलं वाक्य पुन्हा देशापुढे धरलं. ही तुम्ही लिहून दिलेली हुंडी आहे, आमच्यासाठी ती अजून वटलेली नाही, अशा अर्थाचं ते बोलले.

अमेरिकेतल्या या लढ्याकडे किंग यांच्या फार आधी पुण्यातून एक माणूस पाहत होता. जोतीराव फुले. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं.

आजच्या निबंध स्पर्धेच्या बक्षिसांत त्या पुस्तकाच्या तीन प्रती मी माझ्यातर्फे ठेवल्या आहेत. ज्यांना मिळतील त्यांनी घरी गेल्यावर आधी अर्पणपत्रिकेचं पान उघडावं.