गोठ्यातले तास



कामगार संघटनेच्या माणसाने दुधावर का बोलावे, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. आमची शाळा सातवीत सुटली. हिशोब आम्ही शिकलो तो पगारपत्रकांवर. तेथे प्रथम पाहायचे ते तास किती आणि तासाचे दाम किती. तीच नजर घेऊन गोठ्यात शिरलो, तो तेथे तासांचा रकानाच नाही!

एक संकरित गाय घ्या. 300 दिवस सरासरी 10 लिटर दूध देते, उरलेले 65 दिवस भाकड, असे समजू. आकडे सोयीचे घेतले आहेत, जाणकारांनी रागावू नये. लिटरला 30 रुपयांप्रमाणे वर्षाचे 90,000 झाले. पेंड, कडबा, हिरवा चारा मिळून रोजचे 180 धरले तर 65,700 गेले. कारण दूध 300 दिवसांचे असले तरी पोट 365 दिवसांचे असते. राहिले 24,300. धारा, शेणघाण, वैरण, पाणी यांना रोजचे तीन तास धरा, म्हणजे वर्षाचे 1,095. तासाला सुमारे 22 रुपये पडले, आणि त्यातून डॉक्टर, रेतन, विमा, कर्जाचे व्याज अजून वजा व्हायचे आहे. शेणखत जमेला आहे, कालवड झाली तर तीही. पण गोऱ्हा झाला तर?

आता भाव पाच रुपयांनी उतरू द्या. भाव गेला सहाव्या हिश्श्याने, पण तासाच्या 22 रुपयांचे साडेआठ झाले. हे तास बहुधा घरच्या बाईचे असतात. पासबुकावर नाव कोणाचे असते, ते आपण जाणताच.

दूध रात्रभर थांबत नाही, जसा मजुराचा न विकलेला दिवस उद्या विकता येत नाही. म्हणून भाव घेणारा ठरवतो. फॅट आणि एसएनएफ मोजणारे यंत्रही बहुधा त्याचेच. भुकटीचे दर पडले की त्याची झळ थेट गोठ्याला लागते. 2024 साली महाराष्ट्र सरकारने लिटरमागे 5 रुपये अनुदान दिले, त्याला जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद हवी होती. पडलेली भिंत टेकूने उभी राहावी, तसे ते.

खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी 1946 च्या जानेवारीत समरखा गावी सभा घेतली आणि मक्तेदाराला दूध न घालण्याचा ठराव केला. पंधरा दिवस मुंबईला दूध गेले नाही. नासणाऱ्या मालाचा संप! आम्ही पुष्कळ संप पाहिले, पण असा संप करायला छाती लागते. त्याच वर्षी 14 डिसेंबरला त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. त्यातूनच अमूल उभे राहिले.

एका गावी आम्ही हा तासांचा हिशोब मांडला, तेव्हा मागे बसलेल्या एका बाईंनी विचारले, "दादा, दुसरी गाय घेतली तर तास दुप्पट होतील का?"

"नाही ताई, दीडपट होतील," आम्ही म्हणालो.

"मग घेतेच," त्या म्हणाल्या.

त्या गायीचे कर्ज कोणाकडून आणि किती व्याजाने, हे विचारायचे आम्हांला परतीच्या एसटीत सुचले.