नऊ मिनिटांची माफी
(युवा शिबिरातील भाषणाचा काही भाग)



मघाशी चहाच्या वेळी तुमच्यातल्याच एका मुलीनं मला तिची फिल्म मोबाइलवर दाखवली. सुरू करण्याआधीच म्हणाली, "सर, फक्त नऊ मिनिटांची आहे, आणि पैसेही नव्हते." फिल्म दिसायची होती, माफी मागून झाली होती. म्हणून बोलायचा ठरलेला विषय मी बाजूला ठेवतो.

'शोले' १९७५ साली आला. खर्च सुमारे ३ कोटी, लांबी सव्वातीन तासांच्या आसपास. पंचवीस वर्षांनी मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' केला, साधारण ५० हजार रुपयांत. नासिरभाई व्हिडिओ पार्लर चालवायचे, लग्नाची शूटिंग करायचे. डाकूंना घोडे कुठून आणणार? टोळी सायकलवरून आली! बघणारे बरेचसे यंत्रमागावर राबणारे. जुम्याची सुट्टी आणि खिशात मोजके पैसे. आपल्या गल्लीतली माणसं आपल्या बोलीत बोलताना बघायला त्यांनी गर्दी केली.

आता माझ्या घरातली गोष्ट. भाच्याला मी या सिनेमाचे काही तुकडे मोबाइलवर दाखवले होते. दोन मिनिटांत म्हणाला, "मामू, ये क्या है? लावा दुसरं काहीतरी." २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थेटरात लागला. तिकीट काढून, पॉपकॉर्न घेऊन तोच भाचा बघून आला आणि आठवडाभर मला नासिरभाईंची थोरवी सांगत होता. चित्रपट चांगलाच आहे. पण त्याच माणसांचं काम फुकट दिसलं तेव्हा टवाळी, आणि त्यांच्यावर कुणीतरी मोठा खर्च केला तेव्हा इज्जत.

भाच्याला काय बोलू? मीही तसाच. आमच्या मोहल्ल्यात आम्ही एकदा माहितीपट फुकट दाखवला. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, आलेलेही मधूनच उठून गेले. पुढच्या वेळी ३० रुपये तिकीट लावलं. हॉल भरला, शेवटपर्यंत कुणी हललं नाही. मी खूश. बाहेर आलो तर पायऱ्यांवर चार पोरं बसलेली, आतला आवाज ऐकत. त्यांच्याकडे ३० रुपये नव्हते. पैसे मोजले की माणूस नीट बघतो, हे खरंच आहे. पण माझ्या तिकिटानं कुणाला बाहेर ठेवलं, ते मला पायऱ्यांवर कळलं.

त्या मुलीच्या फिल्ममध्ये तिची अम्मी शिलाई मशीनवर बसलीय आणि ब्लाउजचे पैसे मागताना गिऱ्हाइकाशी कशी अडखळते, एवढंच आहे. दहावं मिनिट कशाला हवं होतं, मला सुचलं नाही.

असरच्या नमाजनंतर याच हॉलमध्ये आपण ती सगळे मिळून बघू. दार उघडं राहील. दाराशी एक डबा ठेवलाय. ज्याला जमेल त्यानं, बघून झाल्यावर, जमेल तेवढे टाकावेत.