संगणक नेमका कोठे अडतो?



विश्रांतवाडीसारख्या वस्तीतील शाळांतही आता निकालपत्रके, फीच्या पावत्या, शाळा सोडल्याचे दाखले ही कामे संगणकावर होतात. यंत्र मंदावले की कार्यालयात एकच सूर निघतो, "जुने झाले, नवे घ्या." देणगीवर चालणाऱ्या संस्थेला हा सूर महाग पडतो. म्हणून खर्चाआधी दुखणे शोधावे, एवढेच मला आपणांस सांगावयाचे आहे.

जुन्या संगणकातील सर्वांत संथ भाग बहुधा त्याची तबकडी, म्हणजे हार्ड डिस्क. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यावयास सरासरी अर्धा फेरा जातो. टोक सरकण्याचा वेळ निराळा. तेवढ्यात प्रोसेसर लाखो सूचना उरकतो आणि मग वाट पाहत बसतो.

ही वाट मोजता येते. लिनक्स प्रणालीत २००६ सालापासून 'बीएलके-ट्रेस' नावाचे साधन आहे. ते येन्स अ‍ॅक्सबो यांनी तयार केले. रेशनच्या दुकानाची कल्पना करा. माणूस रांगेत केव्हा लागला, काट्यापाशी केव्हा पोहोचला, पिशवी घेऊन केव्हा निघाला, याची कोणी नोंद ठेवली, तर उशीर रांगेत झाला की काट्यावर, हे लगेच कळेल. हे साधन प्रत्येक मागणीची अशीच नोंद ठेवते. शिवाय मागणी वाचण्याची की लिहिण्याची, तबकडीच्या कोणत्या भागासाठी, हेही लिहून ठेवते.

रांग लांबली असेल, तर एखादा प्रोग्रॅम गर्दी करीत असतो. काट्यावरच खोळंबा होत असेल, तर तबकडी थकली असण्याचा संभव असतो. अशा वेळी विद्यार्थ्यांच्या नोंदींची दुसरी प्रत प्रथम काढावी. आणि पुष्कळदा असे दिसते, की मेमरी अपुरी असल्याने संगणक तिच्यातील मजकूर सारखा तबकडीवर ठेवतो व परत आणतो. तेथे नवे यंत्र नको. थोडी मेमरी वाढवली की भागते.

एक सावधगिरी मात्र हवी. लिहावयाचा मजकूर आधी मेमरीत साठतो आणि मागाहून प्रणाली तो तबकडीवर उतरवते. त्यामुळे नोंदीत मूळ प्रोग्रॅमऐवजी प्रणालीचेच नाव येऊ शकते. पहिले नाव दिसताच त्याला दोषी धरू नये. वर्गातही आपण तसे करीत नाही.

याच पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. महासंगणक असो वा शाळेतील यंत्र, माहिती वेळेवर पोहोचली नाही तर प्रोसेसर रिकामाच राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, आधी मोजा, मग बोला. ही सवय संगणकापुरती नाही.